नाल्याची हजेरी

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. पुण्याच्या वहिनींनी तर फोन करून विचारलं, "भाऊजी, तब्येत बरी आहे ना? ब्लॉग गप्प आहे म्हणून विचारलं." तब्येत ठणठणीत आहे, काळजी नसावी. फक्त माझा सकाळचा लिहायचा वेळ सध्या एका नाल्यानं घेतला आहे. कसा, ते सांगतो.

वरोऱ्याचं नाव काढलं की बाहेरचे लोक लगेच म्हणतात, "म्हणजे आनंदवन ना?" बरोबरच आहे. पण या गावाची त्याआधीची ओळख कोळशाची. इंग्रजांच्या काळात, १८७०च्या दशकात इथे सरकारी कोळशाची खाण सुरू झाली, तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वेचा फाटा आणला, आणि १९०६ साली ती खाण बंद पडली. पुढे आसपास दुसऱ्या खाणी आल्या, वीज केंद्रं आली. तेव्हा आमच्याकडचं पाणी कोळशाच्या शेजारून, कपाशीच्या खताफवाऱ्यातून आणि गावच्या गटारातून असं सगळीकडून फिरून येतं. शेवटी जातं ते वर्धा नदीत. वर्धा पुढे चपराळ्याजवळ वैनगंगेला भेटते, तिथून तिचं नाव प्राणहिता, आणि प्राणहिता गोदावरीला मिळते. म्हणजे माझ्या घरापासून वीस मिनिटांवरच्या नाल्यात कोणी काय सोडलं तर ते बंगालच्या उपसागराच्या वाटेला लागलं! भूगोलाच्या तासाला मी हे मुलांना नकाशावर बोट फिरवून दाखवायचो. मुलांना वर्धा माहीत, गोदावरी माहीत. नाल्याचं नाव मात्र नकाशात नसायचं, अजूनही नाही.

तर झालं असं, की मागच्या दिवाळीनंतर एका सकाळी या नाल्याचं पाणी राखाडी दिसलं. दुसऱ्या दिवशी जास्तच. वर तेलासारखा तवंग, काठावर दोनचार मासोळ्या उलट्या पडलेल्या. गावात चर्चा झाली, पोरांनी धडाधड फोटो काढले, व्हॉट्सॲपवर फिरवले. आम्ही चारपाच निवृत्त मंडळींनी मिळून अर्ज दिला. (कुठल्या कार्यालयात, ते सोडून द्या.) नवव्या दिवशी एक साहेब आले. तोवर पाणी निवळलं होतं. साहेब माणूस चांगला, चिडला नाही, उलट काठावर उकिडवा बसून शांतपणे म्हणाला, "गुरुजी, हे पाणी एरवी कसं असतं? त्याची काही नोंद आहे का?"

आता नोंद कुठून असणार? बिघडलेल्या दिवसाचे फोटो पंधरा जणांच्या मोबाइलमध्ये होते. चांगल्या दिवसाचा एकाकडेही नाही. चांगल्या नाल्याचा फोटो कोण कशाला काढेल! आणि जे फोटो होते, तेही व्हॉट्सॲपवरून फिरत आलेले. तसे फोटो पाठवताना आकारानं लहान होतात आणि कुठे, किती वाजता काढला ही फोटोच्या पोटातली माहिती गळून जाते. साहेबांना दाखवले तर ते हा नाला की दुसराच कुठला, हेही सांगता येईना.

साहेब गेले आणि तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. अहो, मी आयुष्यभर हजेरीपट भरला. त्यात नुसती गैरहजर पोरं मांडून चालत नाही. हजेरीच्या खुणांची लांब रांग असते म्हणून मधला 'गै' डोळ्यात भरतो. एखादं पोरगं सोमवारी सोमवारीच गायब असतं हे महिन्याच्या शेवटी आडवी ओळ वाचली की कळतं, मग घरी जाऊन विचारता येतं, बाबा सोमवारी बाजार असतो म्हणून घरी ठेवता का याला? नाल्याचंही तेच. रोजची हजेरी नसेल तर गैरहजेरी सिद्ध कशी करायची?

हे सगळं मी भाचीच्या मुलाला फोनवर सांगितलं. तो शिकायला स्वित्झर्लंडमध्ये आहे. तो म्हणाला, "आजोबा, हे तर इथे करतात!" झुरिक विद्यापीठाच्या लोकांनी 'क्राउडवॉटर' नावाचा प्रकल्प काढला आहे आणि २०१७ पासून त्याचं मोबाइल ॲप आहे. जगात कुठेही, कोणीही वापरावं. त्यातली युक्ती मला फार आवडली. नदीत मोजपट्टी रोवायची गरजच नाही. पहिल्या दिवशी समोरच्या काठाचा फोटो काढायचा आणि मोबाइलवरच त्या फोटोवर एक चित्रातली मोजपट्टी चिकटवायची. पुढच्या वेळी त्याच जागी उभं राहून बघायचं, पाणी मूळ फोटोतल्या पट्टीच्या कितव्या रेघेवर आलं. बस्स. समोर एखादा मोठा दगड किंवा पुलाचा खांब असला की काम सोपं.

याच्याही आधी, २०१०मध्ये, आयबीएम कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी 'क्रीक वॉच' नावाचं ॲप केलं होतं. तेव्हा आपल्याकडे बटणांचे फोन. त्यात एक फोटो आणि तीनच प्रश्न: पाणी किती, वाहतं कसं, कचरा किती. माहिती तिथल्या राज्याच्या जलमंडळाला उपयोगी पडावी असा हेतू. तीन प्रश्न! मला हे पटलं. आपल्याकडच्या कोणत्याही सरकारी तक्त्यात तेवीस रकाने असतात आणि म्हणून तो मार्चअखेरीस एका बैठकीत भरला जातो. (मीही असे तक्ते शेकड्यांनी पाहिले आहेत. असो.)

क्राउडवॉटरमध्ये पावसाळी ओढ्यांसाठी वेगळा भाग आहे. ओढा आज कशा अवस्थेत आहे ते निवडायचं: कोरडा, नुसती ओल, सुटी डबकी, साचलेलं पाणी, बारीक धार, वाहतं पाणी. ते वाचून मला गंमत वाटली. आमच्या आजीकडे यासाठी नुसते शब्दच होते. डोह, डबकं, झिरा, धार, ओहोळ. उन्हाळ्यात नाल्याच्या वाळूत हातभर खड्डा करून पाणी काढायचे तो झिरा. त्यातलं पाणी वाटीनं भरून घ्यायचं आणि पहिल्या दोन वाट्या सांडून द्यायच्या. माझ्या नातवंडांनी झिरा पाहिलेला नाही. आता झुरिकच्या विद्यापीठानं त्याच नाल्याच्या अवस्था मोबाइलमध्ये छापून पाठवल्या आहेत, तर घ्याव्यात आनंदानं.

आता सुरुवातीलाच एक सांगून टाकतो. मोबाइल पाणी तपासत नाही. तो चित्र घेतो, आणि आजकालचे मोबाइल तर चित्रही खरं घेत नाहीत. सुनेच्या नव्या फोननं काढलेल्या फोटोत आमचा नाला काश्मीरसारखा दिसतो! फोन आपल्या मनानं उजेड वाढवतो, रंग खुलवतो. लग्नाच्या फोटोला ठीक आहे, पाण्याला नाही. परदेशात यावरही तोड काढली आहे. 'हायड्रोकलर' नावाच्या ॲपमध्ये तीन फोटो घ्यावे लागतात, एक ठराविक करड्या रंगाच्या कार्डाचा, एक आकाशाचा, एक पाण्याचा. कार्डाचा रंग ठाऊक असतो, त्यावरून उरलेल्या दोघांचा हिशेब लागतो आणि पाणी किती गढूळ याचा अंदाज निघतो. मी करडं कार्ड आणायला गेलो नाही. घरातली पांढरी चिनी मातीची बशी नेतो आणि फोटोत ठेवतो. बशी पिवळी दिसली तर समजायचं, फोन खोटं बोलतो आहे. शेजारी एक जुनी पाटी ठेवतो. तिच्यावर खडूनं तारीख, वेळ आणि काल पाऊस झाला की नाही ते लिहिलेलं असतं. पाटी-खडूचा असा उपयोग निवृत्तीनंतर होईल असं वाटलं नव्हतं.

गढूळपणा मोजायची सगळ्यात साधी रीत तर मोबाइलच्या कितीतरी आधीची आहे. १८६५ साली सेक्की नावाच्या इटालियन धर्मगुरूनं (खगोलशास्त्रज्ञही होता) बोटीवरून पांढरी थाळी दोरीनं समुद्रात सोडली, आणि ती दिसेनाशी होते ती खोली मोजली. आजही ती थाळी त्याच्याच नावानं ओळखतात. केरळात वेंबनाड सरोवरावर शास्त्रज्ञांनी तिची छोटी आवृत्ती करून लोकांच्या हाती दिली, सोबत 'टर्बॲक्वा' नावाचं मोबाइल ॲप. विद्यार्थी जाऊन मोजतात आणि आकडे भरतात. हे आपल्या देशातलं उदाहरण आहे म्हणून मुद्दाम सांगतो. आपल्याकडच्या शाळांनी हे सहज उचलण्यासारखं आहे.

पण नितळ पाणी म्हणजे चांगलं पाणी नव्हे, हे आमच्या जिल्ह्याइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? मी काही वर्षं एका खेड्यातल्या शाळेवर होतो. तिथली पोरं हसली की दातांवर तपकिरी आडव्या रेघा दिसायच्या. आम्ही आधी समजायचो, घासत नाहीत. ते फ्लोराइड होतं. खडकातून बोअरच्या पाण्यात उतरलेलं. पाणी काचेसारखं, वास नाही, चव ठीक. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरा इलाजच नसेल तर दीडपर्यंत. त्याहून जास्त वर्षानुवर्षं पोटात गेलं तर दात, आणि आणखी वाढलं तर हाडं. असल्या पाण्याचे हजार फोटो काढा, काही दिसायचं नाही. तिथे रसायनच हवं.

ते रसायन आता खेड्यात पोहोचलं आहे, हे मान्य केलं पाहिजे. २०१९ साली जलजीवन मिशन सुरू झालं, त्यात गावोगावी पाच महिलांना पाणी तपासायच्या संचाचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, आलेला रंग कार्डावरच्या रंगाशी जुळवायचा. फ्लोराइड, नायट्रेट, लोह, क्लोरिन वगैरे. जुन्या लोकांना टीसीएल पावडर टाकल्यावरची ओटी टेस्ट आठवत असेल, पिवळा रंग आला की क्लोरिन आहे. त्यातलाच प्रकार. जंतूंसाठी वेगळी बाटली असते. पाणी भरून ठेवायची, एकदोन दिवसांत काळी झाली तर त्यात विष्ठेतले जंतू आहेत असं समजायचं. ही बाटली मूळ आपल्याच ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ साली लोकांपुढे आणली. मला ही सगळ्यांत आवडते. रंग जुळवायला नको, मोतीबिंदू झालेल्यालाही दिसतं. आणि काळ्या बाटलीचा तारखेसह फोटो ग्रामसभेत ठेवला की भाषण करावं लागत नाही.

निकाल मग मोबाइलवरून सरकारी पोर्टलवर भरायचे. इथे एक मेख आहे. मी एका गावात ओळखीच्या ताईंना विचारलं, संच वापरता का? म्हणाल्या, "वापरतो ना गुरुजी. पण भराचं तं फोनात असते. फोन पोराजवळ, पोरगा नागपूरले." तपासणारे हात बाईचे आणि फोन पोराच्या खिशात, असा हा कारभार. नुसतं ॲप काढून भागत नाही, फोन कोणाच्या हातात आहे तेही बघावं लागतं.

शिवाय हे सारं पिण्याच्या पाण्यासाठी. विहीर, बोअर, नळ यांची वर्षातून दोनदा पाहणी होते, ग्रामपंचायतीला लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. मोठ्या नद्यांवर प्रदूषण मंडळाच्या ठराविक जागा आहेत. केंद्रीय मंडळानं २०२२च्या अहवालात देशात ३११ प्रदूषित नदीपट्टे मोजले, त्यात सगळ्यांत जास्त, ५५, आपल्या महाराष्ट्रात. पण आमचा नाला यातल्या कोणत्याच यादीत बसत नाही. तो कोणी पीत नाही म्हणे. गुरं पितात, बाया कपडे धुतात, पोरं डुंबतात, काठावरच्या विहिरी त्याच्यावर भरतात. पण 'पीत नाही'.

लोकांनी स्वतः मोजणं हा काही हौशी प्रकार नाही, हे आमच्या शेजारच्या गडचिरोलीनं दाखवून ठेवलं आहे. डॉ. अभय बंग आणि राणीताईंच्या 'सर्च'सह तेरा संस्थांनी गावातल्याच माणसांकडून बालमृत्यू मोजून घेतले आणि २००१ साली 'कोवळी पानगळ' हा अहवाल आला. सरकारी नोंदीपेक्षा खरे मृत्यू कितीतरी जास्त निघाले. पुढे शासनाला डॉ. बंग यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. मोजणारी ही मंडळी फार शिकलेली नव्हती. पण त्याच गावात राहणारी होती, कोणाच्या घरी काय झालं हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांनी ते त्याच दिवशी लिहिलं. आता मूल आणि नाला यांची तुलना कोणी करू नये, मीही करत नाही. रीत मात्र तीच.

आमचे एक वकील मित्र आहेत, त्यांनी उत्साहावर थोडं पाणी टाकलं. म्हणाले, "तुमचे फोटो कोर्टात नमुना म्हणून चालायचे नाहीत." १९७४च्या जलप्रदूषण कायद्यात नमुना कसा घ्यायचा ते सविस्तर आहे. मंडळाच्या माणसानं सोडणाऱ्याला नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्हींवर खुणा, सील, दोघांच्या सह्या. तसं नसेल तर तपासणीचा निकाल पुरावा म्हणून घेत नाहीत. ऐकून मी गप्प झालो. मग तेच पुढे म्हणाले, "पण साहेबानं कोणत्या दिवशी यावं, हे तुमची वही सांगू शकते ना!" आणि १९८८च्या दुरुस्तीनं सामान्य माणसालाही मंडळाला साठ दिवसांची नोटीस देऊन कोर्टात तक्रार करायची वाट मिळाली, हेही त्यांनीच सांगितलं. साठ दिवस म्हणजे साठ पानं. तेवढी तर मी लिहितोच.

तर असा आमचा उद्योग चालला आहे. सकाळी साडेसहाला पुलाखालच्या त्याच दगडावर उभं राहायचं, बशी, पाटी, फोटो. पाणी कितव्या रेघेवर, वाहतं की थांबलेलं, रंग, फेस, तवंग, मासोळ्या दिसल्या का. फोटो मूळ आकारात साठवायचे, ठिकाण चालू ठेवायचं. मग घरी येऊन वहीत एक ओळ. बहुतेक दिवशी ओळ एकच असते: "नेहमीसारखं." बायको म्हणते, एवढ्यासाठी चहा थंड करता? ती चुकीचं म्हणत नाही. पण ह्या 'नेहमीसारखं'चीच तर टंचाई होती.

मधल्या काळात रांगेत काही दिसायलाही लागलं आहे. पाऊस नसताना दोनदा पाणी राखाडी झालं. दोन्ही वेळा आदल्या दिवशी सुट्टी होती. एवढ्यावरून मी कोणाकडे बोट दाखवत नाही. दोन म्हणजे काही फार नव्हे. ओळी लिहीत राहायचं.

नाल्यावर एक मावशी म्हशी घेऊन येतात. पहिले काही दिवस त्यांनी लांबून पाहिलं, मग एकदा जवळ येऊन म्हणाल्या, "गुरुजी, रोज रोज फोटो काढून काय करून राहिले जी?" मी समजावून सांगितलं. त्यांनी बशीकडे, पाटीकडे पाहिलं आणि विचारलं, "थे तुमच्या मोबाइलले वास येते का?"

"नाही येत."

"मंग? आमाले तं पयले वासावरूनच समजते. रंग मांगून बदलते. म्हशीले तं त्याच्याबी आंधी समजते, थे तोंडच लावत नाही."

त्या दिवसापासून वहीत दोन रकाने वाढले, 'वास' आणि 'म्हैस प्यायली का'. झुरिकच्या ॲपमध्ये यासाठी जागा नाही, म्हणून हे वहीतच राहतात. वास कसला तेही मावशीच सांगतात, मला या वयात तेवढं नाक राहिलेलं नाही. रॉकेलसारखा, शेणासारखा, लोखंडासारखा, अशी त्यांची विशेषणं मी जशीच्या तशी लिहितो. फोनवरचा नातू म्हणाला, म्हशीचा रकाना मात्र खास. त्याच्या प्राध्यापकांना सांगणार आहे म्हणे.

पावसाळ्यात दगडापर्यंतची उतरण निसरडी होते. सूनबाईंनी आताच बजावून ठेवलं आहे की चार महिने पुलावरूनच फोटो घ्यायचा, खाली उतरायचं नाही. पुलावरून रेघ नीट दिसत नाही, म्हणून समोरच्या खांबावर ऑइलपेंटनं फूटभर अंतरानं खुणा करून घ्यायच्या आहेत. त्यासाठी ग्रामपंचायतीची परवानगी मागितली आहे. शेजारची आठवीतली मुलगी रविवारी सोबत येते, तिला ॲप माझ्यापेक्षा चांगलं जमतं, आणि वहीतलं माझं अक्षर तिला लागत नाही असं तिनं सांगितल्यामुळे ओळ आता तीच लिहिते. कोणा ब्लॉगकर मित्राच्या गावाला असा ओढा असेल आणि कोणी अशी वही ठेवत असेल तर खाली जरूर लिहा. रकाने कोणते ठेवलेत तेवढं सांगा.